हरवलेलें मूल आणि लोकांची जीभ

भंडारा जिल्ह्यांत तुमसराहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर सिहोरा हें गांव आहे. आजूबाजूस धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा तलाव व तेथील मारुतीचें देवस्थान, एका अंगास बावनथडी, दुसऱ्या अंगास वैनगंगा आणि पलीकडे मध्यप्रदेशाची हद्द. अशा गांवीं सगळे सगळ्यांना ओळखतात. मूल घरीं दिसलें नाहीं तर तें काकांकडे, मामांकडे किंवा शेजारच्या ओसरीवर असेल, असें धरूनच दिवस चालतो. हेंच गांव आम्ही डोळ्यांसमोर ठेवतों, याचें कारण इतकेंच कीं, जी गोष्ट आज सांगावयाची आहे ती परक्या शहरांतील परक्या माणसांची नसून ओळखीच्या माणसांनीं ओळखीच्या माणसांशीं कसें वागावें याची आहे.

समजा, अशा गांवीं दिवेलागणीच्या सुमारास चार वर्षांचें मूल सांपडेनासें झालें. पहिल्या रात्रीं सारा गांव धांवतो. विहिरींत गळ टाकतात, कालव्याचा कांठ पाहतात, तणसाचे ढीग उपसतात. शेजारणी चूल पेटवूं देत नाहींत, आपल्याच घरून भाकरी पाठवितात. गांवाची ही माणुसकी खरी असते. परंतु दुसरा दिवस उजाडतो, मूल सांपडत नाहीं आणि मग बोलण्याचा सूर बदलूं लागतो. “आई कुठें होती त्या वेळीं?” “बापाचें अलीकडे कांहीं ठीक दिसत नव्हतें.” “तिच्या डोळ्यांत टिपूस नाहीं हो!” आई मूर्च्छा येईपर्यंत रडली, तर तें सोंग ठरतें, दगडासारखी बसून राहिली, तर तें काळीज ठरतें. घर एकत्र असेल, तर वाटणीचा वाद, जावाजावांचें वैर, सासूचा स्वभाव, सारें चव्हाट्यावर येतें. हरवलेली मुलगी असेल, तर आणखी एक वाक्य खालच्या आवाजांत बोललें जातें. तें आम्ही येथें लिहीत नाहीं, वाचकांना तें ठाऊक आहे.

गणेशचतुर्थीला आपल्या घराघरांत स्यमंतक मण्याची कथा सांगतात. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणि गळ्यांत घालून शिकारीस गेला, तो परत आलाच नाहीं. श्रीकृष्णानें तो मणि पूर्वीं मागितला होता, एवढ्या धाग्यावर द्वारकेच्या लोकांनीं निकाल लावला कीं, कृष्णानेंच त्याला मारलें. कृष्णानें त्यावर काय केलें हें पाहण्याजोगें आहे. त्यानें कोणाशीं वाद घातला नाहीं. त्यानें नगरांतील माणसें बरोबर घेतलीं आणि प्रसेनाचा माग काढीत तो रानांत गेला. प्रसेन व त्याचा घोडा सिंहानें मारलेला दिसला, पुढें तो सिंह अस्वलानें मारलेला दिसला, आणि माग जांबवंताच्या गुहेशीं जाऊन थांबला. आंत त्या मण्याचें खेळणें करून एक लहान मूल खेळत होतें. आपण ही कथा चंद्र पाहूं नये म्हणून ऐकतों आणि तिच्यांतील मुख्य बोध चंद्रावर सोडून देतों. हरवलेल्याचा माग सोडून जो जवळच्या माणसाचें तोंड न्याहाळीत बसतो, त्याला सिंह कधींच सांपडत नाहीं.

ही पुराणांतली गोष्ट म्हणून कोणी बाजूस सारील, तर तिची जवळजवळ तंतोतंत आवृत्ति विसाव्या शतकांत ऑस्ट्रेलियांत घडली. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्रीं उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशीं उतरलेल्या चेंबरलेन कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूंतून नाहींशी झाली. डिंगो म्हणजे तिकडचा रानकुत्रा. त्यानें मूल नेलें, असें आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. पहिल्या चौकशींत, फेब्रुवारी १९८१ मध्यें, तिचें म्हणणें मान्यहि झालें. परंतु लोकांना तें पटेना. बाप एका लहान ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक होता. त्या पंथाविषयीं भलभलत्या कंड्या उठल्या. मुलीच्या नांवाचा अर्थ “रानांतील बळी” असा आहे, ही निव्वळ थाप देशभर पसरली. आईनें मुलीला काळा झगा कां शिवला, ती दूरचित्रवाणीवर रडली कां नाहीं, यांची चर्चा घरोघर झाली. चौकशी पुन्हां उघडली. मोटारींत तान्ह्या मुलाचें रक्त असल्याची साक्ष तज्ज्ञांनीं दिली आणि २९ ऑक्टोबर १९८२ रोजीं लिंडीला जन्मठेप झाली. त्या वेळीं ती गरोदर होती. तिचें पुढचें मूल तुरुंगवासांत जन्मलें.

१९८६ च्या आरंभीं त्याच खडकावरून पडून मेलेल्या एका प्रवाशाचा शोध घेतांना, डिंगोंच्या बिळांजवळ त्या मुलीचें लोकरी जाकीट सांपडलें. तें अंगावर होतें असें आई आरंभापासून सांगत आली होती आणि तें मिळत नाहीं म्हणूनच ती खोटी ठरली होती. तिची सुटका झाली. रक्त म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तो मोटारीचा आवाज दाबण्याकरितां कारखान्यांत फवारलेला लेप निघाला. १९८८ मध्यें शिक्षा रद्द झाली. आणि मूल डिंगोनेंच नेलें, असा अधिकृत निर्णय १२ जून २०१२ रोजीं मिळाला. जवळजवळ ३२ वर्षें एका आईला आपलें मूल गमावल्याचें दुःख आणि तें मारल्याचा आळ हीं दोन्ही ओझीं वाहावीं लागलीं.

लोक असें कां करतात? ते दुष्ट असतात म्हणून, असें आम्हांस वाटत नाहीं. मूल एका क्षणांत, कोणाच्या दोषावांचून नाहींसें होऊं शकतें, हा विचार प्रत्येक घरास असह्य असतो. कारण तो खरा असेल, तर आपल्याहि अंगणांतील मूल सुरक्षित नाहीं. उलट, दोष आईबापांचाच होता असें ठरलें, कीं आपण मोकळे होतों. आपण तसे नाहीं, सबब आपलें मूल सुखरूप आहे! हा संशय म्हणजे आपल्याच भीतीवर आपण लावलेला लेप आहे. त्याचें मोल मात्र दुसऱ्याच्या घरानें द्यावयाचें असतें. शिवाय दुःखाला एक ठराविक चेहरा असतो, ही आपली दुसरी भ्रांति. कोणी हंबरडा फोडतो, कोणी निमूटपणें भांडीं घांसत बसतो. आपल्याच घरांतील सुतकाचे दिवस आठवले, तरी हें कोणालाहि पटेल.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. आईबापांच्या हातून मुलांचा घात झाल्याचीं उदाहरणें खरोखरच असतात, मग पोलिसांनीं त्यांना विचारूं नये काय? अवश्य विचारावें. शेवटीं मूल कोणीं पाहिलें, घरांत कोण होतें, हे प्रश्न पहिल्या तासांतच विचारले पाहिजेत, आणि ते ऐकून आईबापांनींहि राग मानूं नये. परंतु पोलिसांच्या संशयाला पुराव्याचें बंधन आहे, न्यायालयाचें दार आहे, चूक झाल्यास वरचें न्यायालय आहे. आणि एवढीं बंधनें असूनहि काय होऊं शकतें, हें नोएडाच्या प्रकरणांत दिसलें. १६ मे २००८ रोजीं तलवार दांपत्याची मुलगी घरांत मारलेली आढळली. घरचा नोकर दिसेना, तेव्हां खुनी तोच असें ठरून त्याचा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशीं त्याचेंहि प्रेत त्याच घराच्या गच्चीवर सांपडलें. आठवड्याच्या आंत संशय बापावर आला. २०१३ मध्यें आईबापांना जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें दोघांनाहि निर्दोष सोडलें. गच्ची चढून पाहण्यापूर्वींच मनुष्य गुन्हेगार ठरविला, हें या प्रकरणाचें पहिलें पाऊल. न्यायालय नऊ वर्षांनीं कां होईना निकाल फिरवूं शकतें. पारावरच्या निकालावर अपील कोणाकडे करावयाचें?

तसेंच, आईबापांवरचा संशय काढून तो वाटसरूंवर टाकावा, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें भिक्षेस आलेल्या पांच जणांना जमावानें ठेंचून मारलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती, तीस ते बळी पडले. याच्या उलट, १९९० ते १९९६ या काळांत अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनीं कोल्हापूर, पुणें, नाशिक अशा ठिकाणांहून खरोखरच मुलें पळविलीं आणि चोरीसाठीं ढालीप्रमाणें वापरून कित्येकांना ठार केलें. परंतु कडेवर मूल घेतलेल्या बायकांकडे कोणीं वळून पाहिलें नाहीं. लोकांचा संशय चेहऱ्यावर जातो, कृतीवर जात नाहीं. म्हणून तो निरपराध्यास गांठतो आणि अपराध्यास वाट देतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. मुंबईस अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यांत राजेंद्र धोंडू भोसले नांवाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळांत हरवलेल्या १६६ मुलींचीं प्रकरणें त्यांच्याकडे आलीं. १६५ मुली सांपडल्या. राहिलेली एक सात वर्षांची मुलगी २२ जानेवारी २०१३ रोजीं शाळेच्या वाटेवर नाहींशी झाली होती. निवृत्त झाल्यावरहि भोसले तिचा फोटो जवळ बाळगून तिच्या घरीं जात राहिले. ती ४ ऑगस्ट २०२२ रोजीं घरीं परतली, आणि ती होती कुठें? जवळच, सुमारें अर्ध्या किलोमीटरवर! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण इतकी क्रूर रीतीनें क्वचितच खरी ठरली असेल. तिच्या जुन्या शोधपत्रकावरील एक क्रमांक तोंवर चालू होता, आणि तो एका शेजाऱ्याचा होता. ओळखपाळख असलेली एक मोलकरीण आणि तो शेजारी यांच्यामुळें ती आईच्या हातीं लागली. शेजाऱ्यानें काय करावें, याचें उत्तर या एका क्रमांकांत आहे.

कायद्यानेंहि हीच दिशा धरली आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या अर्जावर १० मे २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि उलट सिद्ध होईपर्यंत तें पळविलें गेलें असें धरून तपास करावा. “येईल संध्याकाळपर्यंत” असें म्हणून कोणास परत पाठवितां येत नाहीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आपल्या भंडारा जिल्ह्यांत तीन सख्ख्या लहान बहिणी १४ तारखेस बेपत्ता झाल्या आणि १६ तारखेस त्यांचीं प्रेतें विहिरींत सांपडलीं. त्यानंतर संतापलेल्या लोकांनीं महामार्ग अडविला. तो संताप रास्तच होता. पण मुलांना गांवाचें बळ लागतें तें आधींच्या तासांत.

म्हणून गृहस्थांनीं व गृहिणींनीं कांहीं साध्या गोष्टी आजच मनाशीं ठरवून ठेवाव्यात. मूल दिसेनासें होतांच प्रथम घर, माळा, मोटार, विहीर, तलाव, कालवा हें सारें पाहावें आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें ११२ वर पोलिसांना किंवा १०९८ या बालसाहाय्याच्या क्रमांकावर कळवावें. चोवीस तास थांबण्याचा कोणताहि नियम नाहीं. सिहोऱ्यासारख्या सीमेवरच्या गांवीं हद्दीचा घोळ घालूं देऊं नये. १ जुलै २०२४ पासून अंमलांत असलेल्या नव्या फौजदारी कायद्याप्रमाणें गुन्हा कोठेंहि घडलेला असो, तो कोणत्याहि ठाण्यास नोंदवावाच लागतो. प्रत्येक मुलाचा अलीकडचा फोटो, उंची, अंगावरील खुणा आणि त्या दिवशींचे कपडे घरांतील दोघांना तरी सांगतां आले पाहिजेत. जें प्रत्यक्ष पाहिलें तें पोलिसांना सांगावें. जें नुसतें वाटतें तें पारावर सांगूं नये. एखाद्या घराविषयीं खरोखरच संशयास्पद गोष्ट पाहिली असेल, तर तीहि पोलिसांनाच सांगावी, शेजारणीला नव्हे. मोबाईलवर आलेली कंडी पुढें पाठवूं नये. आणि एक वडीलधारी स्त्री त्या आईपाशीं रात्रंदिवस असावी. तिनें उपदेश करूं नये, प्रश्न विचारूं नयेत. तिला दोन घांस भरवावे, एवढेंच पुरे.

मूल सांपडो वा न सांपडो, त्या आईबापांना त्याच गांवांत, त्याच आळींत उरलेलें आयुष्य काढावयाचें असतें. घरांत दुसरीं मुलें असतात, तीं शाळेंत जातात आणि त्यांच्या कानांवर सर्व येतें. मूल परत आणणें नेहमींच आपल्या हातीं नसतें. त्याच्या घरावर आळ घालावयाचा कीं नाहीं, हें मात्र सर्वस्वी आपल्या हातीं असतें. आणि जो वेळ त्यांत जातो, तो त्या मुलाच्या शोधांतून वजा झालेला असतो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुष्कळ झालें.