पिकअपचे जादा दिवे : फोकस स्वस्त झाले, वायरिंगचे काय?

आष्टी तालुक्यातील कापडाचा किरकोळ व्यापार आजही बराचसा आठवडी बाजारांवर चालतो. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कापड बाजारातून माल भरायचा, धानोरा, कडा करीत आष्टीला यायचे आणि येथून खेडोपाडीचे बाजार करायचे, असा आम्हा व्यापाऱ्यांचा रिवाज आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, त्याची खुशी सर्वांना झाली. पण बाजाराच्या ओट्यापर्यंत गाठोडी पोहोचवायला पिकअपच लागते. बाजार उठेपर्यंत दिवस मावळतो. परतीच्या वाटेवर मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, अंधारात उभे ट्रॅक्टर, बकऱ्यांचे कळप, सर्व काही भेटते. त्यामुळे पिकअपला जादा एलईडी फोकस बसवून घेण्याची चाल पडली आहे. चाल वाईट नाही. पण फोकस निवडण्यात तास घालवणारे आमचे बांधव तो कसा जोडला जातो ते पाहायला पाच मिनिटे थांबत नाहीत, हे बरोबर नाही.

बारा व्होल्टच्या बॅटरीला हात लावला तर शॉक बसत नाही. येथेच बेफिकिरी शिरते. शॉक नसला तरी तार उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकली की बॅटरी एका झटक्यात शेकडो अँपिअर सोडू शकते. तार लाल होते, तिचे प्लास्टिक पेट घेते, आणि मागे काय भरलेले असते? साड्या, परकराचे तागे, होजिअरी. सुती कापड भडकते, पॉलिएस्टर वितळून चिकटते. धान्याच्या व्यापाऱ्यापेक्षा ही खबरदारी आम्हा कापडवाल्यांना जास्त घ्यावी लागते.

हिशेब अवघड नाही. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या पुढे. १८ वॅटचे दोन एलईडी म्हणजे ३६ वॅट, फक्त तीन अँपिअर. उर्दू शाळेत आम्ही याला 'बर्की रौ' म्हणत शिकलो आणि तारेच्या अडथळ्याला 'मुजाहमत'. मिस्त्री करंट आणि लोड म्हणतो. गोष्ट एकच. मात्र खोक्यावर छापलेल्या वॅटवर भरवसा ठेवू नये. स्वस्त मालावर आकडा फुगवलेला असतो. मिस्त्रीकडे मीटर असेल तर दिवा किती अँपिअर खेचतो ते समोर मोजून घ्यावे.

एलईडी करंट कमी घेतो म्हणून कोणतीही तार चालते, असे समजू नये. हॅलोजनच्या काळात तार बारीक असली, सांधा ढिला असला, की दिवा पिवळा पडायचा आणि दोष कळून यायचा. चांगल्या एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो. व्होल्ट घसरले तरी तो उजेड टिकवून ठेवतो, उलट जास्त करंट ओढतो. सांधा आत तापत राहतो आणि बाहेर उजेड लख्ख दिसतो.

तार दीड चौरस मिलिमीटरची आणि अस्सल तांब्याची असावी. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी तार सर्रास विकली जाते. आपण सूत उसवून कापडाची जात ओळखतो, तसे तारेचा एक धागा चाकूने खरवडून पाहावा. आत पांढरे निघाले तर परत द्यावी.

आता जोडणी. घाईचा मिस्त्री हेडलाइटची तार सोलतो, तेथेच नवी तार पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. कंपनीने ती तार आणि ते बटण हेडलाइटपुरतेच दिलेले असते. योग्य पद्धत रिलेची आहे. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून आलेली तार, ८७ वरून दिव्याकडे, ८५ ला अर्थ, आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या बटणाची तार. मग बटणातून अगदी नाममात्र करंट जातो, खरा भार रिले उचलतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो आणि त्याच्या आधीची तार बेवारस राहते. वर सांगितलेल्या दोन दिव्यांना पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडाला म्हणून वीसचा घालणारे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी बूच हवेच, नाही तर खडबडीत रस्त्यावर पत्र्याची कड दोन महिन्यांत प्लास्टिक कापते. सायलेन्सरपासून तार दूर ठेवावी. अर्थची तार रंग खरवडून, थिंबल लावून बोल्टखाली आवळावी.

राहिला समोरून येणारा माणूस. तो बहुधा मोटारसायकलवर असतो, मागे बायको, टाकीवर पोर. आपल्या फोकसने त्याचे डोळे दिपले तर तो खड्ड्यात जाईल किंवा आपल्याच अंगावर येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाप्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असला पाहिजे, आणि १११ व्या नियमाप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. टपावरची फोकसांची रांग रुबाबदार दिसत असेल, पण ती रस्त्यावर पेटवण्याची चीज नव्हे. काय चालेल ते आरटीओत आधी विचारून घ्यावे. लांब झोताच्या दिव्याच्या ८६ नंबरची तार बटणामार्गे हेडलाइटच्या अप्परवरून घ्यावी. मग डिपर मारताच जादा दिवे आपोआप विझतात, ड्रायव्हरच्या मर्जीवर काही राहत नाही. काही गाड्यांत हेडलाइटचे बटण प्लसऐवजी अर्थवर चालते, म्हणून मिस्त्रीने टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी.

दिव्याचा रोख ठरवताना पिकअप भिंतीपासून पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी करावी. दिव्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि झोताचा मधला भाग त्या रेघेच्या चार बोटे खाली पाडावा. हे काम माल भरून करावे. मागे गाठी पडल्या की गाडीचे नाक वर उचलते, आणि रिकाम्या गाडीत बरोबर बसलेला झोत भरल्या गाडीत थेट समोरच्याच्या तोंडावर जातो. ही गोष्ट मिस्त्रीच्या ध्यानात येत नाही, कारण त्याच्याकडे गाडी रिकामीच येते.

वायरिंगचे काम करणारे आमचे पुष्कळ बांधव हे पान वाचतात. रिले, फ्यूज, थिंबल यांचे पैसे आणि जादा तासाभराची मजुरी त्यांनी मोकळेपणाने मागावी. गाठीभर मालाच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि व्यापाऱ्यांनी त्यात घासाघीस करू नये. पक्के बिल मात्र घ्यावे. त्यावर गाडीचा नंबर, दिव्यांचे वॅट आणि फ्यूजचा आकडा लिहून घ्यावा. जादा इलेक्ट्रिक साहित्याची नोंद विम्यात वेगळी करावी लागते, आणि तेथे हेच बिल दाखवावे लागते.