अम्लपित्त, चिरकारी

जठरातील अम्लयुक्त द्रव्य वारंवार ग्रसिकेत (घसा व जठर यांना जोडणाऱ्या अन्ननलिकेत) उलटे चढल्यामुळे छातीत जळजळ, आंबट-कडू ढेकर, घशाशी येणे इ. लक्षणे उत्पन्न करणारा व दीर्घकाल टिकणारा विकार. आधुनिक वैद्यकात त्यास जठर-ग्रसिका प्रतिवाह असे म्हणता येईल. माँट्रिऑल येथील परिषदेच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येनुसार, जठरातील द्रव्य वर चढल्याने रुग्णास त्रासदायक लक्षणे अथवा उपद्रव होऊ लागले, म्हणजे त्यास विकार म्हणावयाचे. जेवणानंतर क्वचित येणारी आंबट ढेकर निरोगी माणसातही आढळते; तिला रोग म्हणत नाहीत.

मराठी व्यवहारात ‘पित्त’ हा शब्द निरनिराळ्या तक्रारींस लावला जातो. घशाशी आंबट येणे हे पित्त, अर्धे डोके दुखून उलटी होणे हेही पित्त आणि अंगावर खाजरे चट्टे उठणे हेही पित्तच. यांपैकी दुसरी तक्रार बहुधा अर्धशिशीची व तिसरी शीतपित्ताची (अधिहर्षतेशी निगडित त्वचाविकाराची) असते. यकृतात तयार होणारा व पचनास साहाय्य करणारा पित्तरस हा तर आणखी वेगळा पदार्थ होय. या सर्वांवर अम्लशामक गोळी हा एकच उपाय करण्याची रूढी या नामसाम्यातून उद्भवली आहे. प्रस्तुत नोंदीत केवळ पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

इतिहास : माधवकर यांच्या माधवनिदान या ग्रंथात (सु. सातवे-आठवे शतक) अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन असून त्याचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार मानले आहेत. अपचन, मळमळ, कडू-आंबट ढेकर, छातीत व घशात दाह आणि अरुची ही तेथील लक्षणे आजच्या वर्णनाशी बऱ्याच अंशी जुळतात. काश्यपसंहितेतही या विकाराचा निर्देश आहे. पाश्चात्त्य वैद्यकात विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये ग्रसिकेच्या शोथाचा (दाहयुक्त सुजेचा) संबंध जठररसाशी जोडला. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये व ओमेप्राझोल हे त्याहून प्रभावी औषध १९८८ मध्ये वापरात आले. ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

कारणमीमांसा : जठरातील भित्तीय कोशिका हायड्रोक्लोरिक अम्ल स्रवतात. प्रौढ माणसात रोज सु. दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. जठराच्या आतील अस्तरास श्लेष्म्याचे संरक्षण असते. ग्रसिकेच्या अस्तरास तसे ते नसते. ग्रसिका जेथे जठरास मिळते तेथे परिसंकोची स्नायूचे वलय असून मध्यपटलाचे (छाती व उदर यांमधील स्नायुमय पडद्याचे) तंतू त्यास बाहेरून आवळून धरतात. घास उतरताना हे द्वार उघडते व नंतर मिटते. घास नसतानाही ते काही सेकंद सैल पडणे, त्याचा मूळचा ताण कमी असणे किंवा मध्यपटलाच्या छिद्रातून जठराचा भाग छातीत सरकणे (अंतर्गळ) ही प्रतिवाहाची प्रमुख कारणे होत. अम्ल वर आले, तरी लाळ व ग्रसिकेचे आकुंचन त्याची वासलात लावतात. झोपेत या दोन्ही क्रिया मंदावतात. म्हणून रात्रीचा प्रतिवाह अधिक हानिकारक ठरतो.

यावरून असे दिसते की, बहुसंख्य रुग्णांत अम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते; ते नको त्या जागी पोहोचते. या विकाराचा विचार करताना हा भेद मूलभूत समजावा. अम्ल कमी करणाऱ्या औषधाने दाह शमतो, परंतु सैल झालेले द्वार त्याने घट्ट होत नाही. उदरातील दाब, जेवणाची वेळ, झोपण्याची रीत, वजन व व्यसने यांकडे दुर्लक्ष केल्यास औषध थांबताच लक्षणे पुन्हा उद्भवतात.

स्थूलता, गर्भारपण, तंबाखू, मद्य, अतिस्निग्ध व पोटभर जेवण ही प्रतिवाहास पोषक ठरतात. रक्तदाब, हृद्‌रोग व दमा यांवरील काही औषधांनीही द्वार सैल पडते. मात्र ती स्वतःच्या विचाराने बंद करू नयेत. मिरचीने द्वार सैल होतेच असे नाही, तथापि दाह झालेल्या अस्तरास ती झोंबते. चहाचा परिणाम व्यक्तिपरत्वे भिन्न असतो.

श्रम व राहणीमान : हा विकार केवळ बैठ्या शहरी जीवनाचा आहे, ही समजूत बरोबर नाही. चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) व आसपासचा भाग कोरडवाहू शेतीचा असून बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात आणि हंगाम संपल्यावर परततात. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात व मजुरी टनावर मिळते. या कामात बुंध्याशी वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे व ती डोक्यावरून वाहनापर्यंत नेऊन चढविणे या क्रिया दिवसभर चालतात. वाकणे व ओझे उचलणे या दोहोंनी उदरातील दाब वाढतो. कमरेस घट्ट आवळलेले वस्त्र त्यात भर घालते. वाहन रात्री-अपरात्री भरावे लागल्यास जेवण लांबते आणि थकलेला माणूस जेवताच कोपीत जमिनीवर आडवा होतो. भूक मारण्यासाठी चहा व तंबाखू, स्त्रियांत मिसरी, आणि अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या यांची जोड मिळाली, म्हणजे प्रतिवाहास अनुकूल अशी सर्व परिस्थिती एकत्र येते. यात भाकरीचा अथवा चटणीचा दोष नसून दोष दिनक्रमाचा आहे. आणि तो दिनक्रम मजुराने निवडलेला नसतो.

वेदनाशामक गोळ्यांचा प्रश्न विशेष गंभीर आहे. त्यांमुळे जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी होऊन व्रण (जखम) होऊ शकतो. ‘पित्त’ समजून त्यावर अम्लशामक घेत राहिल्यास दुखणे दबते, पण व्रण तसाच राहून रक्तस्राव होण्याचा संभव असतो. गोळी पाण्याविना गिळून लगेच झोपल्यास ती ग्रसिकेत अडकून तेथेच इजा करते.

लक्षणे व उपद्रव : छातीच्या मध्यभागी जळजळ व घशाशी आंबट येणे ही प्रमुख लक्षणे जेवणानंतर, वाकल्यावर व आडवे झाल्यावर वाढतात. काहींत रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी आवाज बसणे अथवा दातांचे लुकण झिजणे ही दूरस्थ लक्षणे असतात. दीर्घकाल प्रतिवाह राहिल्यास ग्रसिकेचा शोथ, व्रण व त्यानंतर मार्ग अरुंद होणे हे उपद्रव संभवतात. थोड्या रुग्णांत ग्रसिकेच्या खालच्या भागातील अस्तराचे स्वरूप पालटते. बॅरेट या शल्यतज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेतून फारच थोड्यांना कर्करोग होतो.

निदान : ठराविक लक्षणे असल्यास बहुधा वर्णनावरूनच निदान होते व औषधाचा काही आठवड्यांचा प्रयोग करून पाहतात. शंका असल्यास अंतर्दर्शकाने (लवचिक दुर्बिणीने) ग्रसिका व जठर तपासतात. त्यात काही न आढळल्यास ग्रसिकेतील अम्लतेची २४ तास अथवा अधिक काळ नोंद घेतात. घास अडकणे, अकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, पांडुरोग आणि उतारवयात प्रथमच सुरू झालेली तक्रार ही धोक्याची चिन्हे असून त्यांत गोळ्या घेत वाट पाहणे अयोग्य होय.

हृद्‌विकाराचे दुखणे कित्येकदा जळजळीसारखेच भासते. चालताना वा श्रम करताना छाती भरून येणे, वेदना हात, खांदा अथवा जबड्याकडे पसरणे, घाम व धाप यांपैकी काही असल्यास ते पित्त नाही असे समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीत ही लक्षणे अस्पष्ट असू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

चिकित्सा : (१) दिनचर्या : रात्रीचे जेवण व झोप यांत सु. तीन तासांचे अंतर ठेवणे, एकदाच पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे दोनदा घेणे, वजन जास्त असल्यास ते घटविणे व तंबाखू-मद्य वर्ज्य करणे हे उपाय पायाभूत आहेत. खाटेचे डोक्याकडील पाय विटा अथवा लाकडी ठोकळे देऊन १५ ते २० सेंमी. उंच करावेत. केवळ उशा वाढविल्याने मान वाकते व पोट दुमडते. त्याचा उपयोग होत नाही. खाट नसलेल्यांनी जमिनीवर मातीचा उतार करून अथवा भुश्श्याचे पोते पाठीखाली घेऊन कमरेपासून वरचे शरीर तिरपे ठेवावे. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील द्रव्य द्वाराच्या खालच्या पातळीवर राहते. जेवण उशिराच होणार असेल, तर सायंकाळी थोडी भाकरी खाऊन रात्रीचा आहार हलका ठेवावा. उदरश्वसनाच्या नियमित सरावाने मध्यपटलाची पकड सुधारून काही रुग्णांस लाभ होतो. जेवणानंतर मात्र ताण देणारी आसने करू नयेत.

उपवासाच्या दिवशी त्रास वाढतो, याचे एक कारण दिवसभराच्या उपाशी पोटी घेतलेला चहा व नंतरची साबुदाणा, शेंगदाणे व तूप यांची जड खिचडी हे होय. थंड दुधाने क्षणिक बरे वाटते, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम पुढे अम्लस्राव वाढवितात. मीठपाणी पिऊन उलटी काढण्याची सवय घातक आहे; प्रत्येक उलटीबरोबर अम्ल ग्रसिकेवरूनच जाते.

(२) औषधे : अम्लशामक क्षार तात्पुरते अम्ल निष्प्रभ करतात. सोडायुक्त चूर्णात सोडियम असल्याने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यांचा वारंवार वापर टाळावा. समुद्रशैवलापासून मिळणारी अल्जिनेटे जठरातील द्रव्यावर तरंगता थर निर्माण करतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इ. प्रोटॉन-पंप निरोधक औषधे सर्वांत प्रभावी आहेत; ती न्याहारीपूर्वी ३० ते ६० मिनिटे घ्यावयाची असतात. जेवणानंतर घेतल्यास त्यांचा गुण उणावतो. नेहमीचा क्रम चार ते आठ आठवड्यांचा असतो. नंतर वैद्याच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू घटवितात, कारण एकदम थांबविल्यास काही काळ अम्लस्राव उसळतो. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची उणीव आणि आतड्याचे संसर्ग संभवतात. तथापि तीव्र शोथ असलेल्यांस व वेदनाशामके घेणे अटळ असलेल्यांस ही औषधे दीर्घकाल आवश्यक असतात. त्यांनी भीतीपोटी ती सोडू नयेत. डॉमपेरिडोन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आणू शकतात. रॅनिटिडीन हे एके काळचे लोकप्रिय औषध अशुद्धीच्या कारणावरून अमेरिकेत २०२० मध्ये बाजारातून काढण्यात आले व भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले.

(३) आयुर्वेदीय उपचार : अविपत्तिकर चूर्ण, शतावरी, ज्येष्ठमध व शंखभस्म यांचा वापर परंपरेने होतो. शंखभस्म हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने त्याची अम्लशामक क्रिया सहज समजते. ज्येष्ठमध दीर्घकाल घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटते. सूतशेखरासारख्या रसकल्पांत पारा असतो. ते तज्ञ वैद्याच्या देखरेखीखेरीज घेऊ नयेत. ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निरुपद्रवी असे समीकरण मांडता येत नाही.

(४) शस्त्रक्रिया : जठराचा वरचा भाग ग्रसिकेभोवती गुंडाळून द्वार घट्ट करण्याची निसेन यांची पद्धती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. आता ती उदरदर्शकाद्वारे लहान छेदांतून करतात. मोठा अंतर्गळ असलेल्या किंवा औषधे आयुष्यभर घेणे नको असलेल्या निवडक रुग्णांस ती उपयुक्त ठरते.

साकल्याने केलेली चिकित्सा म्हणजे अनेक पद्धतींची औषधे एकाच वेळी घेणे नव्हे. औषध, आहार, निद्रा, श्रम व व्यसनमुक्ती यांची एकमेकांशी सांगड घालणे होय. बहुतेक रुग्णांत हा विकार जिवावर बेतणारा नसतो व योग्य दिनक्रमाने औषधाची गरज पुष्कळ कमी होते. जेथे दिनक्रम रुग्णाच्या हाती नसतो, तेथे कामाच्या ठिकाणी वेळेवर जेवण, पिण्याचे पाणी व निजण्यास योग्य जागा यांची सोय करणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा लागतो.