तांगारोआच्या तिथी

वेलिंग्टन, न्यूझीलंड

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथ स्वामींच्या समाधीपाशी दिंड्या पोचतात, त्या सुमारास चंद्राजवळ कृत्तिकांचा पुंजका असतो. माओरी लोकांचा मातारिकी तो हाच. इथल्या भर हिवाळ्यात, जून-जुलैला, तो पहाटे पुन्हा दिसू लागला की त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. 2022 पासून त्याची सरकारी सुट्टी मिळते. ती कोणत्या शुक्रवारी द्यायची हे चंद्राच्या ज्या रात्रींवरून ठरतं, त्यांना समुद्रदेवाचं नाव आहे: तांगारोआ. आपल्या हिशेबाने या रात्री वद्य अष्टमीच्या आसपास येतात, आणि मासेमारीला त्या उत्तम मानतात.

तांगारोआ दिसतो तो अशा पंचांगात आणि रीतीभातीत. पहिला मासा त्याचा म्हणून पाण्यात परत सोडतात. कुणी बुडालं तर त्या किनाऱ्यावर 'राहुई' लागते; काही दिवस तिथे मासे धरायचे नाहीत, शिंपले वेचायचे नाहीत. आपल्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात, त्या भावनेशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. ताहितीत हाच देव ताआरोआ या नावाने सृष्टीचा कर्ता आहे आणि हवाईत तो कानालोआ.

इथली कथा मात्र भाऊबंदकीची आहे. आकाश रांगिनुई आणि धरणी पापातूआनुकू एकमेकांना बिलगून होते, मुलं मधल्या अंधारात. वनदेव तानेने त्यांना दूर सारलं. वादळाचा देव चिडून भावंडांवर तुटून पडला, तेव्हा तांगारोआ समुद्रात पळाला. त्याच्या वंशजांत फूट पडली: मासे पाण्यात गेले, सरडे-पाली रानात. पळून आलेल्यांना तानेने आसरा दिला, म्हणून वैर. तेव्हापासून तानेच्या झाडांच्या होड्या आणि त्याच्या वेलींची जाळी मासे पकडतात, आणि तांगारोआ होड्या उलटवतो, किनारा कुरतडत राहतो. ही कथा ते रांगिकाहेके यांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्यासाठी लिहून दिली. ग्रे यांचं इंग्रजी पुस्तक 1855 मध्ये आलं.

फसवाफसवीचा खेळही या कथांत आहे, पण तो देव नव्हे, माणूस खेळतो. पोनातुरी नावाचे समुद्रवासी रात्री किनाऱ्यावरच्या घरात झोपायला येत. उजेड म्हणजे त्यांचं मरण. त्यांनी ताफाकी नावाच्या वीराच्या बापाला मारलं होतं, आईला दारावर राखणीला बसवलं होतं. ताफाकीने घराच्या फटी बुजवल्या. आतून विचारणा झाली, उजाडलं का? आई म्हणाली, अजून रात्रच आहे, झोपा. सूर्य वर आल्यावर दार उघडलं.

पूर्व किनाऱ्यावरची रुआतेपुपुकेची कथा मला सर्वांत आवडते. तांगारोआने रुआतेपुपुकेचा मुलगा पळवून समुद्रतळीच्या आपल्या घराच्या शिखरावर आकृती म्हणून बसवला. बापाने ते घर पेटवलं, मुलाला आणि बाहेरच्या कोरीव खांबांना घेऊन तो परतला. आतले खांब बोलायचे, ते जळाले. म्हणून माओरी सभागृहांतल्या कोरीव पूर्वजांना वाचा नाही, पण कोरीवकाम माणसाला मिळालं ते समुद्रातून. तोकोमारू उपसागरापाशी 1881 मध्ये रुआतेपुपुकेच्या नावाने उभारलेलं सभागृह 1905 पासून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. ते त्याच्या किनाऱ्यावर असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.