हंगामाचा अपवाद

मनमाडहून जालना, सेलू, मानवत रोड, परभणी अशी स्थानके घेत नांदेडकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाला, आणि निजामाच्या अंमलाखालील औरंगाबाद सुभ्यात मोडणाऱ्या परभणी जिल्ह्याचा कापूस, जो पूर्वी घरोघरी चरकीवर थोडाथोडा लोढला जाई, तो बैलगाड्या भरभरून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आवारात येऊन पडू लागला. सेलू आणि मानवत या पेठांची भरभराट त्याच कापसावर झाली. त्या भरभराटीचा हिशेब आपण आजवर गाठींनी मांडत आलो. जीनपुढे बसणाऱ्या बाया त्या हिशेबात आल्याच नाहीत.

मॅकार्थी पद्धतीच्या जीनमध्ये चामड्याचा रूळ तंतू ओढून घेतो, रुळाला भिडवलेली स्थिर पाती सरकी अडवते आणि खालीवर हलणारी दुसरी पाती तिला ठोकून मोकळी करते. अशी अनेक जिने ओळीने मांडून ती सर्व एकाच लांब फिरत्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालवीत, आणि प्रत्येकासमोर एक बाई हातांनी कापूस एकसारखा पसरत राही. काम अवजड नाही, सबब ते बायकांचे, आणि बायकांचे म्हणून मजुरी कमी, हा न्याय सर्वत्र रूढ होता. परंतु नाकातोंडात सतत जाणारी कापसाची धूळ, कानठळ्या बसविणारा खडखडाट, आणि पट्ट्या-दांड्यांच्या फेऱ्यात पदर किंवा केस सापडण्याचे नित्याचे भय हे सारे लक्षात घेतले, म्हणजे त्या कामाला हलके म्हणणे हा अन्यायच होता असे मला वाटते.

याहून मोठा अन्याय कायद्याने केला. मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती मागणारे निवेदन गिरणी कामगारांच्या वतीने सिद्ध केले. 24 एप्रिल 1890 च्या विराट सभेत तर दोन कामगार स्त्रियांनी स्वतः उभे राहून भाषणे केली. पण 1881 च्या कारखाने कायद्याने वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते आणि जीन हा स्वभावतःच हंगामी धंदा. खानदेशातील जिनांत पहाटे चार-पाचला सुरू झालेले काम रात्रीपर्यंत, आणि ऐन हंगामात रात्रंदिवस चालते, अशा साक्षी मुंबई सरकारच्या चौकशी आयोगापुढे नोंदल्या गेल्या, तरी ही मुभा लगोलग निघाली नाही. 1891 च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणला. 1911 च्या कायद्याने हंगामी कारखाने कक्षेत घेतले, मात्र स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदीतून जिनिंग-प्रेसिंगला पुन्हा सवलत दिली. जिथे काम रात्रीचे, तिथेच रात्रीची बंदी नाही!

आणि हे सारे ब्रिटिश अंमलाखालील मुलुखापुरते. परभणी निजामाच्या संस्थानात. तिथल्या प्रजेसाठी हैदराबादचा कारखाने कायदा 1337 फसलीत, म्हणजे 1928 च्या सुमारास आला. खानदेशातल्या बाईला जे अपुरे संरक्षण पूर्वीच मिळाले होते, त्यासाठी गोदाकाठच्या बाईला आणखी वाट पाहावी लागली.

स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाने अधिनियमातील सत्ताविसावे कलम मी वाचकांनी मुद्दाम वाचावे असे म्हणेन. कापूस दाबण्याच्या कारखान्यात पिंजणयंत्र चालू असलेल्या भागात, मध्ये छतापर्यंत भिंत असल्याशिवाय, स्त्री किंवा बालक कामावर ठेवू नये, असे ते सांगत होते. फिरत्या यंत्राची साफसफाई वा तेलपाणी स्त्रियांकडून करून घेण्यासही त्याच अधिनियमाने मनाई केली. इतके बारीक नियम केवळ कल्पनेतून लिहिले जात नाहीत. त्यांच्यामागे झालेले अपघात असतात.

सन 2000 मध्ये केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, जिनांच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले, आणि कापूस हवेच्या नळ्यांतून थेट यंत्रात पडू लागला. धुळीतून सुटका झाली, पण त्यासोबत रोजगारही गेला. त्या पिढीच्या बाया आज वृद्ध आहेत. सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी या गावांत ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनी तिच्याकडून पाळीचे तास, मजुरीचा दर आणि सोबतिणींची नावे विचारून लिहून ठेवावीत. आणि जुन्या जिनांच्या मालकांनी हजेरीच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात.