भाकरी थापतात, पोळी लाटतात : असे का?

मधल्या सुट्टीत डबे उघडले, की वर्गात धान्यांचे एक छोटे प्रदर्शनच मांडले जाते. नांदेडसारख्या गावात हे प्रदर्शन अधिकच रंगतदार असते. एका डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, दुसऱ्यात पोळी-भाजी, देगलूर-धर्माबादकडून आलेल्या तेलुगू घरातल्या मुलीच्या डब्यात दोसा, कोणाकडे शीख घरातला पराठा, तर कोणाकडे खमिरी रोटी. अशाच एका सुट्टीत एक मुलगा डब्याचे झाकण आडवे धरून खाताना आम्हाला दिसला. डब्यात भाकरी होती. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, पोळीची सुरळी होते. भाकरीचे तुकडे पडतात. सगळे हसतात."

त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. भाकरीचे तुकडे पडतात आणि पोळीची सुरळी होते. पण त्यावरून पोळी वरच्या दर्जाची आणि भाकरी खालच्या दर्जाची, असा जो अर्थ वर्गाने काढला होता, तो बरोबर आहे का? हा प्रश्न प्रयोगाने तपासता येतो. म्हणून पुढच्या तासाला आम्ही दोन पिठे आणि पाणी घेऊन वर्गात गेलो.

प्रयोग पहिला : पीठ धुऊन पाहा

वाटीभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पातळ फडक्यात बांधून पाण्याच्या भांड्यात हळूहळू चोळा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. पाणी दोन-चार वेळा बदला. शेवटी फडक्यात एक करडा, चिवट, रबरासारखा ताणणारा गोळा उरतो. कणकेत कोंडा असल्याने तो थोडा खरखरीत लागेल. पांढऱ्या पाण्यात आयोडिनचे दोन थेंब टाका. पाणी निळे-काळे होते, म्हणजे वाहून गेला तो स्टार्च.

आता हेच ज्वारीच्या पिठाचे करून पाहा. फडक्यात थोडा कोंडा सोडला तर काहीच उरत नाही.

हा चिवट पदार्थ म्हणजे ग्लूटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाने गव्हाचे पीठ असेच धुऊन तो वेगळा केला. आपले हे काम त्याने १७२८ मध्ये मांडले आणि १७४५ मध्ये ते छापून आले. म्हणजे जो प्रयोग मुलांनी बाकावर केला, तो अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

ज्वारीत प्रथिने नसतात का?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असे, की ज्वारीतही प्रथिने असतात आणि ती गव्हाच्या तुलनेत फारशी कमी नसतात. फरक प्रमाणात नसून प्रकारात आहे. गव्हात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि पीठ मळले गेले, की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लूटेनिनमुळे ती पुन्हा आखडते. कणीक मळून ठेवायला आई सांगते, ती हे जाळे नीट जुळून सैलावावे म्हणून. तसे झाले की पोळी लाटणे सोपे जाते.

ज्वारीतील मुख्य प्रथिनाला काफिरिन म्हणतात. त्याचे कण दाण्यात सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात बंदिस्त असतात आणि ते पाण्याला दूर ठेवतात. त्यामुळे कितीही मळले तरी जाळे बनत नाही. लाटण्याचा ताण सोसेल असे त्या पिठात काहीच नसल्याने लाटायला गेले की कडा फाटतात.

मग भाकरी एकसंध कशी राहते?

येथे आपल्या आया-आज्यांचे कसब कामाला येते. भाकरी करणारी बाई काठवटीत पीठ घेते आणि त्यात उकळते पाणी घालते. पिठाची 'विरी' गेली, म्हणजे चिकटपणा गेला असेल, तर ती हमखास असे करते. त्याचे कारण स्टार्चमध्ये आहे. साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. पिठातला थोडा स्टार्च असा शिजला, की तोच उरलेल्या पिठाला धरून ठेवतो. गव्हाच्या पोळीत जे काम प्रथिन करते, ते भाकरीत स्टार्चकडून करून घेतलेले असते.

प्रयोग दुसरा म्हणून दोन वाट्यांत ज्वारीचे पीठ घ्या. एकीत थंड पाणी घाला, दुसरीत उकळते (हे काम शिक्षकांनीच करावे). कोमट झाल्यावर दोन्ही मळून तळहाताएवढ्या चानक्या थापा आणि मधोमध वाकवून पाहा. आधी कोणती फाटते, ते मुले स्वतः सांगतील.

थापण्याचेही कारण आता कळते. लाटणे पिठाला ताणते. थापताना हात पिठाला वरून दाबतो आणि बोटे कडेने आधार देतात. तव्यावर टाकल्यावर भाकरीच्या वरच्या बाजूला पाणी फिरवतात, ते पृष्ठभाग लवकर सुकून तडकू नये म्हणून. त्याच पाण्यात वरचा स्टार्च शिजतो आणि पातळ पापुद्रा तयार होतो. मग भाकरी निखाऱ्यावर किंवा आचेवर धरली, की आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १६०० ते १७०० पट वाढते. ती बाहेर पडू पाहते, पापुद्रा तिला अडवतो आणि भाकरी टम्म फुगते. पापुद्र्याला कुठे भोक पडले असेल, तर ती फुगत नाही.

डब्यात चार तासांनी भाकरी कडक का होते? थंड होताना शिजलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळजवळ येऊन घट्ट रचले जातात. पोळीतही हे घडते, पण ग्लूटेनचे जाळे आणि तेलाचा हात यांमुळे ती लवचीक राहते. शिळी भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून खाण्याची रीत हा कडकपणावरचा जुना उपाय आहे.

एकाच गावात इतक्या रीती कशा आल्या?

नांदेड आणि लातूरचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे येथे शेजारी-शेजारी राहत आली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे नांदेडला देहावसान झाले. पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे सचखंड गुरुद्वारा बांधून घेतला. तिथल्या लंगरमध्ये गव्हाच्या रोट्या आणि डाळ यांची पंगत आजही सर्वांसाठी असते. ज्वारीच्या मुलखात गव्हाची रोटी, तांदळाचा दोसा आणि तंदूरची रोटी अशी एकत्र आली.

आता यातील प्रत्येक पदार्थाला आपण तोच प्रश्न विचारू : धान्याची अडचण काय होती आणि स्वयंपाकघराने ती कशी सोडवली?

खमिरी रोटीत यीस्ट कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते आणि ग्लूटेनचे जाळे तो फुग्यासारखा धरून ठेवते. हे गव्हालाच जमते. तांदळात ग्लूटेन नसते, म्हणून इडली-दोशात उडीद डाळ घालतात. उडदातील चिकट पदार्थ आणि प्रथिने वायू धरून ठेवतात. तो वायू तयार करतात ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू.

लातूर भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस साजरी होते. त्या दिवशी शेतात भज्जी, उंडे, खीर यांच्याबरोबर बिंदगीत भरून आंबील नेतात. ज्वारीच्या पिठाला ताकातील जीवाणू आंबवतात. आम्लता वाढली, की पुष्कळशा घातक जीवाणूंची वाढ रोखली जाते. ज्वारीचे मूळ घर असलेल्या सुदानमध्येही तिचे पीठ आंबवून 'किसरा' नावाची पातळ रोटी करतात. मक्यातही ग्लूटेन नसते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात आणि त्याचा 'तोर्तिया' तळहातांनी थापतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या भाकरीची बहीण भेटावी, असेच हे आहे.

एकटे धान्य पुरत नाही

भाकरीची बाजू घेताना तिची उणीवही सांगायला हवी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. १९६० च्या सुमारास हैदराबादमधील डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मुख्यतः ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मज्जासंस्थेचा रोग दिसतो. त्यात नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता असते. म्हणजे नुसती भाकरी-मिरची हे पुरेसे जेवण नव्हे.

तुरीच्या डाळीत लायसिन भरपूर असते, पण मिथिओनिन कमी असते. ज्वारीत मिथिओनिन त्या मानाने बरे असते. म्हणून भाकरी-वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. शेंगदाण्यातून नायसिन मिळते. तुरीची मोठी बाजारपेठ आणि डाळ गिरण्या असलेल्या लातूरच्या मुलांना ही जोडी वेगळी सांगायला नको. इडलीत तांदूळ-उडीद आणि लंगरमध्ये रोटी-डाळ, हेही तेच गणित आहे.

गेल्या काही दशकांत या भागात खरिपाच्या ज्वारीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली, आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. भाकरी थापता येणारे हात घरोघरी कमी होत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. तेवढ्याने मुलाच्या डब्यावरचे झाकण मात्र दूर होत नाही. ते वर्गातच व्हावे लागते.

आम्ही मुलांना घरचा अभ्यास दिला : घरी भाकरी, पोळी किंवा दोसा करणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. पाणी गार घेता की गरम? पीठ किती वेळ ठेवता? असे का करता? दुसऱ्या दिवशी झाकणाआड खाणारा तो मुलगा सर्वांत आधी उभा राहिला. त्याच्या आजीने त्याला सांगितले होते, की पाणी उकळले नाही तर पीठ हातात येत नाही. त्यामागचे कारण त्याने मग फळ्यावर आकृती काढून वर्गाला समजावून सांगितले. आपल्या वर्गातही हे तीन प्रश्न विचारून पाहा.