वेडी बाभूळ आणि मुद्राचित्रातील मोर

मकरपुऱ्याच्या वाटेवर राजवाड्याची आठवण होत नाही, असा बडोदेकर मराठी माणूस विरळाच. १८७० च्या सुमारास गायकवाडांसाठी बांधलेला हा इटालियन धर्तीचा उन्हाळी वाडा आज भारतीय वायुदलाकडे आहे. परवा त्या बाजूस गेलो असता आमचे लक्ष मात्र पडीक जागेतील एका काटेरी झाडाने वेधून घेतले. ही वेडी बाभूळ. आपले गुजराती शेजारी तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडातली. कच्छचे खारे रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६१ च्या सुमारास बन्नी भागात तिची लागवड केली. गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरले, आणि रण अडविण्यास आणलेले झाड गवताच्याच मुळावर आले.

त्या झाडापाशी आम्हांस ज्योती भट्ट यांची मुद्राचित्रे आठवली. १९३४ साली भावनगर येथे जन्मलेले हे कलावंत सयाजीराव विद्यापीठात इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यापाशी शिकले. पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेत मुद्राचित्रणाचे शिक्षण घेऊन ते १९६६ मध्ये बडोद्यास परतले. २०१९ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

या कलेतील एचिंगची रीत पाहावी. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यावयाचा, सुईने तो खरवडून चित्र रेखाटावयाचे आणि पत्रा अम्लात बुडवावयाचा. अम्ल खाते ते उघड्या पडलेल्या धातूला. थर शाबूत असेल तेथे त्याचे काही चालत नाही. मग खाचांत शाई भरून, वर दमट कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढला की चित्र उमटते.

वेडी बाभूळही अशीच, गवताचा थर खरवडला गेला की तेथे शिरते. भेद इतकाच की, कलावंत वेळ होताच पत्रा अम्लातून बाहेर काढतो.

तशी भट्टांची विद्याही सातासमुद्रांपलीकडून आलेली. परंतु तिने येथील मोरपोपटांना, लोककलेतील आकृतींना आपल्या कागदावर जागा दिली. आपले पूर्वजही या भूमीत बाहेरूनच आले. तेव्हा परका कोण, हे तो कोठून आला यावरून न ठरविता, शेजाऱ्यास तो किती जागा ठेवतो यावरून ठरवावे. अंगणात नवे रोप लावताना वाचकांनी एवढे ध्यानी धरले तरी पुष्कळ.