यंदा नाही, तर पुढच्या वर्षी!

घरात एखादं माणूस खेळाचं वेडं असलं, की स्वयंपाकघराचं वेळापत्रक त्या खेळाच्या हाती जातं. कुकर केव्हा लावायचा, पाहुण्यांना कोणत्या रविवारी बोलवायचं, हे सगळं सामन्यावर ठरतं. आपल्याकडे हे वेड क्रिकेटचं. बायकांनी आधी कपाळाला हात लावायचा आणि मग हळूच दाराशी येऊन "किती झाले?" म्हणून विचारायचं, ही आपली जुनी रीत! पण समजा, आपल्या संघाचे वर्षाला १६२ सामने असते, तर? आणि तो संघ एक ना दोन, तब्बल १०८ वर्षं अजिंक्य ठरलाच नसता, तर?

अमेरिकेतल्या शिकागो शहरात अशी हजारो घरं आहेत. त्यांचा खेळ बेसबॉल आणि त्यांचा संघ शिकागो कब्ज. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, गेली तीसेक वर्षं शिकागोच्या एका उपनगरात राहतात. सांगलीत वाढलेल्या, लग्नाआधी बॅटला हातही न लावलेल्या या बाईंचा आता मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. तिकडचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो. त्यामुळे मी सकाळचे डबे भरत असताना त्यांचा फोन आला, की आवाजावरूनच मला निकाल कळतो!

हा खेळ आहे तरी कसा?

क्रिकेट पाहणाऱ्या मैत्रिणींना हा खेळ समजायला अवघड जाऊ नये. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजानं चेंडू टोलवायचा आणि चार कोपऱ्यांच्या चार ठाण्यांना, म्हणजे बेसना, शिवत फेरी पुरी करायची. फेरी पुरी झाली की एक धाव. तिघं बाद झाले की डाव समोरच्याकडे. असे नऊ-नऊ डाव. बरोबरी झाली तर पुढे खेळायचं, पण निकाल लावायचा.

खरी गंमत आहे ती मोसमाच्या लांबीत. सहा महिन्यांत १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. एकंदर ३० संघ. त्यांतले १२ ऑक्टोबरच्या बाद फेरीत जातात आणि शेवटी उरलेल्या दोघांत 'वर्ल्ड सिरीज' होते. चार सामने आधी जिंकेल तो अजिंक्य.

आता एक हिशेब पाहा. २०१६ साली कब्ज अजिंक्य ठरले. त्या वर्षी सगळ्या संघांत त्यांनीच सर्वांत जास्त, म्हणजे १०३ सामने जिंकले. आणि हरले किती? ५८! सर्वांत चांगल्या वर्षातही ५८ वेळा घरात तोंडं उतरली. फलंदाजांचंही तेच. दहा वेळांपैकी तीनदा ज्याचा फटका यशस्वी होतो, तो तिथे उत्तम फलंदाज गणला जातो. दहांतून चारदा हा पल्ला टेड विल्यम्स यांनी १९४१ साली गाठला, त्यानंतर मेजर लीगमध्ये पूर्ण मोसमात तो कुणालाच जमलेला नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चाचणीत दोन मार्क गेले म्हणून रडणाऱ्या मुलींना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवते. मुली आधी हसतात, पण मग डोळे पुसतात.

दुपारचा खेळ आणि बायका

कब्जचं मैदान म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ साली बांधलेलं, भर वस्तीतलं. विटांच्या भिंतीवर १९३७ साली लावलेली हिरवीगार वेल आजही आहे. इतर मैदानांवर विजेचे दिवे आले, रात्रीचे सामने सुरू झाले. इथे मात्र १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवे नव्हते. कब्जचा घरचा सामना दुपारीच व्हायचा. दुपार म्हणजे कुणाची वेळ हो? घरातल्या बाईची! पुरुष कामावर, जेवणं उरकलेली, कपडे इस्त्री करायचे पडलेले. अशा वेळी रेडिओ, आणि नंतर टेलिव्हिजन लावून कितीतरी बायका हा खेळ शिकल्या. शाळा सुटून मुलं घरी येत, तेव्हा शेवटचे दोन-तीन डाव बाकी असत. दूध पिता पिता आईच मुलांना सांगे, कोण बाद झालं नि कसं.

पण बायकांचा संबंध घरात बसून ऐकण्यापुरताच नव्हता. मार्गारेट डोनाह्यू १९१९ साली कब्जच्या कचेरीत लघुलेखिका म्हणून लागल्या आणि १९२६ साली त्या संघाच्या चिटणीस झाल्या. मालकाच्या घरची नसलेली बाई इतक्या मोठ्या पदावर येण्याची मेजर लीगमधली ती पहिलीच वेळ. सबंध मोसमाची तिकिटं आधीच विकायची आणि लहान मुलांना कमी दर लावायचा, या कल्पना त्यांच्याच. एखाद्या दिवशी बायकांना मोफत प्रवेश असे. १९३० च्या जूनमध्ये अशाच एका दिवशी तीस हजारांवर बायका मैदानावर लोटल्या! पुढे १९४३ साली, पुरुष युद्धावर गेलेले असताना, कब्जचे मालक फिलिप रिग्ली यांनी बायकांची व्यावसायिक लीग काढली. तिची निवड चाचणी रिग्ली फील्डवरच झाली. खेळाडूंनी स्कर्ट घालून खेळायचं, ओठ रंगवायचे, असले नियम होतेच, पण त्या स्कर्टमध्येच मातीत घसरून, गुडघे सोलून घेऊन त्या १९५४ पर्यंत खेळल्या.

वन्संना हा खेळ शिकवला तोही एका बाईनंच. शेजारच्या घरात एक आजी एकट्याच राहायच्या. लहानपणी आईचं बोट धरून बायकांच्या मोफत दिवसाला मैदानावर गेलेल्या. नव्या नवलाईत वन्संना दुपार खायला उठायची. आजींनी त्यांना हाक मारून समोर बसवलं आणि वही दिली. एकेक डाव त्या वहीत खुणांनी टिपायला शिकवलं. बदल्यात वन्सं त्यांना साबुदाण्याची खिचडी खिलवायच्या. प्रत्येक मोसम संपला, की आजी वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ लिहायच्या – 'पुढच्या वर्षी.' कब्जच्या चाहत्यांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं पालुपदच. गणपतीला निरोप देतानासुद्धा आपण पुढच्या वर्षाचं बोलावणं करतोच की!

बोकडाची दृष्ट

कब्ज १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षं अजिंक्य ठरले होते. त्यानंतर जे ग्रहण लागलं, ते सुटेना. १९४५ साली ते वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले. सिआनिस नावाचे एक गुत्तेवाले आपल्या लाडक्या बोकडाला घेऊन सामन्याला आले. बोकडाला वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं. तेव्हा त्यांनी रागानं शाप दिला, अशी आख्यायिका आहे. कब्ज ती सिरीज हरले. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या. तिथे लोक म्हणत राहिले, बोकडाची हाय लागली!

१९६९ साली कब्ज ऑगस्टमध्ये चांगले आघाडीवर होते. सप्टेंबरात असे गडगडले, की न्यूयॉर्क मेट्सच्या ८ सामने मागे राहिले. १९८४ साली पाचांपैकी पहिले दोन सामने जिंकून पुढचे तिन्ही घालवले. आणि २००३ साल तर चाहत्यांना बोलूनही दाखवत नाही. वर्ल्ड सिरीज गाठायला फक्त पाच जण बाद करायचे होते, ३-० अशी आघाडी होती. सीमेकडे उडालेला एक चेंडू झेलायला खेळाडू धावला, तेवढ्यात प्रेक्षकांतल्या काहींनीही हात पुढे केले. एकाचा हात चेंडूला लागला आणि झेल हुकला. पुढे त्याच डावात समोरच्यांनी आठ धावा काढल्या. त्यात मैदानावरच्या खेळाडूंच्याही चुका होत्या. पण सगळं खापर फुटलं ते त्या बिचाऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यावर. त्याला पहाऱ्यात बाहेर न्यावं लागलं. तोही कब्जचाच चाहता होता हो! वन्सं सांगतात, त्या रात्री त्यांचा मुलगा त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होता. शेजारच्या आजी त्याला म्हणाल्या, "बाळा, चेंडू अंगावर आला तर तूही हात पुढे केला असतास." बास, तो विषय त्या घरात संपला. २०१७ साली कब्जच्या मालकांनी त्या माणसाला मुद्दाम बोलावून अजिंक्यपदाची अंगठी दिली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आजी २००९ साली गेल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कब्जला अजिंक्य झालेलं पाहिलं नाही.

अखेर ती रात्र

२०१६ ची वर्ल्ड सिरीज क्लीव्हलंडशी होती. कब्ज ३-१ असे मागे पडले, मग दोन सामने जिंकून बरोबरीत आले. सातवा सामना झाला २ नोव्हेंबरच्या रात्री. आपल्याकडे ३ तारखेची सकाळ, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. आठव्या डावात क्लीव्हलंडच्या रजाई डेव्हिस यांनी होमरन मारून बरोबरी केली, तेव्हा 'पुन्हा तेच!' म्हणून लाखो लोकांनी डोळे मिटले असतील. नऊ डाव संपले, ६-६ बरोबरी, आणि पाऊस आला! १७ मिनिटं खेळ थांबला. त्या वेळात जेसन हेवर्ड यांनी सगळ्या खेळाडूंना एका खोलीत गोळा केलं आणि धीर दिला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्ट यांच्या फटक्यानं आघाडी मिळाली आणि कब्ज ८-७ असे जिंकले.

मला खरं नवल वाटलं ते त्या दिवसांत शिकागोच्या लोकांनी जे केलं त्याचं. रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर त्यांनी रंगीत खडूनं नावं लिहिली. खेळाडूंची नव्हेत! वाट पाहता पाहता गेलेल्या वडिलांची, आज्यांची, भावांची. हात पुरेल तिथवर भिंत भरली, तेव्हा लोक शिड्या घेऊन आले. कुणी कबरीवर निळे-पांढरे झेंडे लावून आले. वन्सं थंडीत दीड तास गाडी चालवून गेल्या आणि त्या भिंतीवर आजींचं नाव लिहून आल्या, त्याखाली मराठीत 'झालं एकदाचं'. इतकी वर्षं ही माणसं फक्त संघाची वाट पाहत नव्हती. ती एकमेकांबरोबर वाट पाहत होती.

जिंकल्यावर काळजी संपते का?

छे! मुलगी दिल्या घरी सुखी असली म्हणून आईची काळजी संपते का? २०२१ च्या जुलैअखेरीला कब्जनी रिझो, बायेझ आणि ब्रायंट हे २०१६ चे तीन लाडके खेळाडू दोन दिवसांत दुसऱ्या संघांना देऊन टाकले. वन्सं म्हणाल्या, "घरातली तीन मुलं एकदम परगावी गेल्यासारखं झालं गं." मग पिचरांच्या कोपरांची काळजी. वेगानं चेंडू टाकून कोपरातला स्नायुबंध फाटतो. १९७४ पासून त्यावर शस्त्रक्रिया होते, पण पुन्हा उभं राहायला वर्ष-सव्वा वर्ष जातं. २०२५ च्या एप्रिलमध्येच कब्जच्या जस्टिन स्टील यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा तो मोसम संपला. त्यातून मिशिगन सरोवरावरचा वारा! तो मैदानाकडे वाहत असला, तर चांगला टोलवलेला चेंडूही माघारी येतो. वाळवण घातलेल्या बाईनं आभाळाकडे पाहावं, तशा वन्सं सकाळी उठून वारा पाहतात.

२०२५ साली कब्ज ९२ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचले. सॅन डिएगोला हरवलं आणि मग मिलवॉकीशी पाचव्या सामन्यात हरले. गंमत म्हणजे १९६९ सालीही ते बरोबर ९२ च सामने जिंकले होते. तेव्हाच्या नियमांनी त्यांना घरी बसवलं. वन्सं म्हणाल्या, "चला, निदान ऑक्टोबर तरी पाहिला!"

अशा घरातल्या बाईसाठी

अशा घरात राहणाऱ्या मैत्रिणींसाठी वन्संनी चार गोष्टी सांगितल्या आहेत. क्रिकेटलाही त्या तितक्याच लागू पडतात. सामना रोजचा असेल, तर जेवण मात्र टेबलावरच. निकाल ताटात वाढायचा नाही. हरल्यावर मूल रडलं, तर "खेळच तर आहे तो" असं म्हणू नये. त्याच्यापुरतं ते दुःख खरंच असतं. कोणा एकावर खापर फोडू लागलं, तर मात्र लगेच थांबवावं. आणि पैजेचा पैसा घरात येऊ देऊ नये. २०१८ नंतर अमेरिकेत राज्याराज्यांतून अशा पैजांना मोकळीक मिळाली, आता फोनवरच पैसे लागतात. जिथे पैसा लागला, तिथली माया आटली, असं वन्संचं स्पष्ट मत आहे.

मार्च महिन्यात तीसही संघांची पाटी कोरी असते. शून्य विजय, शून्य पराभव. त्या एका दिवशी प्रत्येक चाहत्याला वाटतं, यंदा आपलंच वर्ष. तिसांपैकी एकोणतिसांचा हिरमोड ठरलेला, हे ठाऊक असूनही वाटतं. याला कुणी वेडेपणा म्हणेल. पण रोपाला कळी धरली नाही म्हणून आपण पाणी घालायचं थांबतो का? आजींच्या वहीतली कोरी पानं अजून संपलेली नाहीत. वन्सं त्यांवरच पुढे टिपत असतात.